जागल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. गरम पाण्यानं खांदा धुवायचा, हळद-तुपाचा हात फिरवायचा, पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दोन वर्षांमागच्या पोळ्याला बाबा हे सगळं करत होते आणि मी तुपाची वाटी धरून उभा होतो. हात लागला की बैलाची कातडी थरथरायची, माशी उडवताना थरथरते तशी. बाबा उघडेच होते. डाव्या काखेखालून मागे कण्यापर्यंत काळपट वळ दिसत होता, तव्यावर करपलेल्या पापुद्र्यासारखा. मी विचारलं, अजून दुखते काय? बैलाकडे पाहतच ते म्हणाले, ‘‘त्याले कातडी तं हालवता येते.’’

त्या दोन वर्षांत दुखण्याबद्दल ते आपणहून जे बोलले, त्यातलं सगळ्यात लांब वाक्य हेच असावं.

नागीण उठली ती मृगात, पेरणीच्या ऐन धांदलीत. आधी दोन दिवस नुसती चुणचुण, मग बरगडीवर लाल चट्टे, मग पाण्याचे फोड, एका ओळीत. गावात नागीण म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: तोंड अन् शेपूट जुळलं काय? जुळलं की माणूस गेला, अशी समजूत. बाबांना दवाखान्याआधी शेजारच्या गावच्या एका जाणत्याकडे नेलं. त्यानं गेरूचा लेप दिला, काहीतरी पुटपुटला, आणि नागीण पंधरा-वीस दिवसांत खरोखर सुकली. ती तशीही सुकतेच.

लहानपणी कांजिण्या येतात, आपण म्हणतो माता आली आणि गेली. ती पुरती जात नाही. तिचा व्हायरस कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो, पन्नास-पन्नास वर्षं. वय झालं, अंगातली ताकद उतरली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं तो पुन्हा कातडीपर्यंत येतो. त्या मज्जातंतूचं शिवार शरीराच्या एकाच बाजूला असतं, म्हणून फोडांची ओळ बहुधा छातीच्या किंवा पाठीच्या मध्यावर येऊन थांबते. तोंड-शेपूट जुळायचं भय त्यामुळे फुकटचंच. खरं भय वेगळं आहे. साठीच्या पुढच्या माणसाला नागीण झाली, तर फोड गेल्यावरही तो मज्जातंतू बिघडलेलाच राहण्याची शक्यता बरीच असते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत व्हायरसवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो, हे मला नंतर कळलं. कळलं असतं तरी मृगाचा पाऊस पडून वाफसा आलेला असताना बाबा ७२ तासांत तालुक्याला आले असते, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पऱ्हाटीचा ढीग जाळला की वरून राख दिसते आणि आत खुंट धुमसत राहतं. बाबांचं तसं झालं. कातडी बरी झाली, आग राहिली. कापड घासलं की आग, घाम आला की आग, आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे वारा लागला की आग. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, घरात कूलर, त्यात नवा वाळा, आणि हा माणूस कूलरसमोरून उठून अंगणात तापलेल्या फरशीवर बाज टाकून पडायचा. आईला वाटायचं, हट्ट. मलाही हट्टच वाटायचा. तिनं एक दिवस काही न बोलता कात्री घेतली आणि त्यांच्या साऱ्या बंड्यांची डावी काख खालपर्यंत कापून टाकली. त्या कापलेल्या बंडीत ते पहिल्यांदा दिवसभर कपड्यात राहिले. निदान म्हणाल तर आईनं कात्रीनं केलं होतं. आम्हाला ते वाचता आलं नाही, एवढंच.

दुखते म्हटलं की गोळी. गावात येणारा एक डॉक्टर होता, तो डायक्लोफेनॅकची सुई द्यायचा. सुई नसेल तेव्हा बसस्टँडवरच्या मेडिकलमधून त्याच औषधाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. चिठ्ठी कोण मागतो? वर्षभरात बाबांनी किती पट्ट्या संपवल्या याचा हिशेब नाही. फरक पडायचा काय, असं विचारलं तर म्हणायचे, ‘‘घेतली म्हंजे घेतल्यासारखं वाटते.’’

बीपी सापडलं ते हिवाळ्यात, आशाताई घरोघर फिरत होत्या तेव्हा. १७८ वर १००. बाबांना आयुष्यात कधी बीपी नव्हतं. गावानं कारण लगेच ठरवलं: टेन्शन. आमच्याकडे शेतकऱ्याच्या रक्तदाबाला हे एकच कारण असतं आणि ते कधी चुकत नाही, कारण टेन्शन नसलेला कापूसवाला अजून कुणी पाहिलेला नाही. कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, बोंडअळी, सगळं होतंच. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. दीड महिन्यानं दुसरी जोडली. मग दोन औषधं एकत्र असलेली एक गोळी आली, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. आकडा हलेना. दर वेळी १७०च्या वरच. ‘‘मीठ बंद करा, इचार कमी करा.’’ मीठ आईनं बंद केलं. इचाराचं तिच्या हातात नव्हतं.

मिठावरून एक सांगायला हवं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा. जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं. माझ्या लहानपणी पाहुण्याला पाणी देताना आई आधीच सांगायची, ‘‘पानी खारं हाय बरं.’’ आता नळाला गोडं पाणी येतं, पण येतं तेव्हा येतं. चार-आठ दिवस खंड पडला की पुन्हा हापशी. म्हणजे स्वयंपाकातलं मीठ आम्ही काढत होतो आणि तांब्यातलं तसंच होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर घरी राहिलो. मी शिकवतो जिल्ह्याच्या गावी, घरी येणं एरवी रविवारपुरतं. त्या वेळी एक डिजिटल बीपी मशीन घेऊन गेलो आणि कालनिर्णयच्या चौकटीत रोज दोनदा आकडे लिहायचं ठरवलं. सोबत माहितीचं पत्रक होतं: पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलू नका, अर्धा तास आधी चहा नको. चहा नको म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती एक अट ढिली केली.

पहिल्या दिवशी डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घुरघुरू लागली, पट्टा फुगायला लागला. मी आकड्यांकडे बघत होतो. सहज नजर खाली गेली, तर बाबांच्या पायाची बोटं आत वळलेली, उजव्या मुठीत बाजेची सुंभाची दोरी आवळलेली. चेहरा मात्र सपाट, पंचायतीत बसल्यासारखा. १७६ वर ९८.

‘‘बाबा, पट्टा लागते काय?’’

‘‘लागते म्हंजे, काखेत जाते आग. जाऊ दे, तुहं मोजणं होऊ दे.’’

‘‘दवाखान्यात याच हाताले लावते?’’

‘‘याच. खुर्चीच तशी हाय तिथं.’’

‘‘मंग सांगतलं काहून नाई?’’

‘‘इचारलं कोनं?’’

नागिणीचा वळ काखेतून जातो, आणि त्याच भागातल्या मज्जातंतूची एक फांदी दंडाच्या आतल्या बाजूला येते. पट्टा फुगताना नेमकी तीच जागा आवळली जात होती. सहा महिने प्रत्येक दवाखान्यात ह्यांचा रक्तदाब आगीवर पाय ठेवून मोजला जात होता. दहा मिनिटं थांबून मी उजव्या हाताला पट्टा लावला: १५६ वर ८८. पुन्हा लावला, १५४.

आता खरी गोष्ट सापडली, बीपी नव्हतंच, असं मला त्या क्षणी वाटलं. तसं नव्हतं. उजव्या हाताचा आकडाही चांगला नव्हताच. घरी मोजताना १३५ वर ८५ च्या खाली असावं म्हणतात, आणि हे दोन-दोन औषधं घेऊन. पण कालनिर्णयचं पान भरत गेलं तसं त्यात एक वळण दिसायला लागलं. ज्या रात्री बाबा अंगणात फेऱ्या घालत असायचे, त्या सकाळचा आकडा १६५ च्या पुढे. ज्या रात्री थोडी झोप लागली, त्या सकाळी १५०च्या अलीकडे-पलीकडे. आकड्यांशेजारी मी बारीक अक्षरात ‘जागल’ असं लिहायला लागलो.

जागल म्हणजे आमच्याकडे रात्रीची शेतराखण. हरभरा घाट्यावर आला की रोही येतात, भुईमुगात रानडुकरं. बाबांनी चाळीस वर्षं जागल केली, मचाणावर, टेंभा आणि रिकामा डबा घेऊन. ते म्हणायचे, जागलीवर माणूस झोपला तरी त्याचे कान झोपत नाहीत. पानं वाजली की छाती धडधडते, हात डब्याकडे जातो, मग कळतं की वारा होता. एका रात्रीत असं वीस वेळा.

हे बीपीवर मला मिळालेलं सगळ्यात सोपं टिपण आहे. दुखणं हा शरीराला हाकारा असतो. तो ऐकला की मेंदू आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंना कामाला लावतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात, काळीज जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. काटा रुतला, विंचू चावला, तर हे बरोबरच आहे. काटा निघाला की दाब उतरतो. पण डुक्कर रोज रात्री, रात्रभर, शेतातच असेल तर? निरोगी माणसाचा दाब झोपेत दहा-वीस टक्के खाली येतो. ती रक्तवाहिन्यांची विश्रांती. दुखण्यानं झोपच तोडली तर ही विश्रांतीही जाते.

यात आणखी एक यंत्रणा आहे, जी वाचून मी चकित झालो. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि काळजाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारी ठिकाणं असतात. दाब चढला की ती मेंदूला कळवतात: पुरे, आवरतं घ्या. त्या निरोपानं काळजाचा वेग उतरतो, आणि सोबत वेदनाही थोडी बोथट होते. म्हणून धडधाकट माणसात दाब जास्त असेल तर दुखणं जरा कमी जाणवतं. पण दुखणं महिनोन्महिने चाललं की हा लगाम ढिला पडतो. दाब वर राहतो आणि वेदना काही बोथट होत नाही. जुनाट दुखण्याच्या लोकांत रक्तदाब जास्त आढळतो, त्यामागे हे एक कारण सांगतात. न झोपणं, न हिंडणं-फिरणं आणि गोळ्या ही बाकीची.

गोळ्यांचा प्रश्न अकोल्याच्या डॉक्टरांनी सोडवला. कालनिर्णयचं पान, सगळ्या रिकाम्या पट्ट्या आणि कापलेल्या बंडीतले बाबा, असं सगळंच मी त्यांच्यापुढे नेलं. त्यांनी आधी दोन्ही हातांच्या नाड्या पाहिल्या. दोन हातांत मोठा फरक असला तर रक्तवाहिनी चोंदलेली असू शकते, ते तपासल्याशिवाय दंडाच्या आगीवर खापर फोडू नये म्हणाले. मग बंडीकडे पाहिलं. ‘‘काकाजी, वारा लागला की जळतं?’’ बाबा पहिल्यांदाच दवाखान्यात सरळ बसले. ‘‘होय बाप्पा. आतापर्यंत कोनी इचारलं नोतं.’’

मग डायक्लोफेनॅकची पट्टी हातात घेऊन ते माझ्याशी बोलले. मज्जातंतूच्या आगीवर ही गोळी फारशी चालतच नाही, ती सुजेच्या दुखण्याची. वर ती मूत्रपिंडातलं रक्त कमी करते, अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यानं दाब चढतो. आणि बाबांना दिलेल्या नेमक्या त्या दोन बीपीच्या औषधांची धार ती बोथट करते. म्हणजे बीपीची गोळी एका बाजूनं ओढत होती, दुखण्याची दुसऱ्या बाजूनं, आणि दोघींच्या मध्ये बाबांची मूत्रपिंडं. ही तीन औषधं एकत्र, वर उन्हाळा, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं. या मेळात मूत्रपिंड अचानक बसू शकतं. रक्त तपासलं. मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.७ आलं. डॉक्टर गप्प झाले, मग म्हणाले, वेळेवर आलात.

परतताना एसटीत मला गिधाडं आठवली. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची एक जागा होती, तिथल्या सुकलेल्या झाडावर लहानपणी गिधाडांची रांग बसलेली असायची. मी कॉलेजात जाईपर्यंत झाड होतं, गिधाडं नव्हती. कुणी म्हणायचं, परदेशात नेली. ढोरांना दुखण्यासाठी टोचलेलं हेच डायक्लोफेनॅक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. ढोरांसाठी हे औषध सरकारनं २००६ मध्ये बंद केलं. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचल्या जातात म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. माणूस गिधाड नाही, त्याला एवढ्यानं मरण येत नाही, आणि सुजलेल्या गुडघ्याला चार दिवस घेतली तर ही गोळी कामाचीच आहे. पण वर्षभर, चिठ्ठीशिवाय, बीपीच्या गोळीसोबत? बसस्टँडवरचा मेडिकलवाला भला माणूस आहे. त्यानं कधी विचारलं नाही, आणि आम्ही त्याला कधी सांगितलं नाही, की घरात बीपीच्याही गोळ्या चालू आहेत.

पॅरासिटामॉल तरी साधी, असं मी म्हणत होतो. तीही अगदी निरुपद्रवी नाही: २०२२ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी रक्तदाबाच्या रुग्णांना दोन आठवडे दिवसाला ४ ग्रॅम दिली, तर वरचा आकडा सरासरी ५ नं चढला. मी ही बातमी घरात सांगितली नाही. काही गोष्टी घरात सांगून फक्त आईची झोप जाते.

नवी चिठ्ठी साधी होती. डायक्लोफेनॅक बंद. बीपीची गोळी बदलून अॅम्लोडिपिन. मज्जातंतूच्या आगीसाठी गॅबापेंटिन, रात्री, अगदी थोडं, मूत्रपिंडं पाहून हळूहळू वाढवायचं. मी विचारलं, दुखणं उतरलं की बीपीची गोळी सुटेल काय? डॉक्टर म्हणाले, दाब कशानंही चढलेला असो, मेंदूतल्या नसेला त्याचं कारण कळत नाही. आकडे सांगतील तेव्हा बघू, तोवर आपल्या मनानं बंद करायची नाही. शिवाय एक मलम दिला, कॅप्सायसिनचा. मिरचीचा तिखटपणा ज्यानं येतो तेच द्रव्य. बाबांना हे कळल्यावर ते इतके हसले की बाजूचे पेशंट पाहू लागले. ‘‘आगीवर मिरची! हे तं आपल्या घरीच होतं. भिवापुरी आनून कायले नाई चोळली तू?’’ आईला हा विनोद अजिबात आवडला नाही.

मलम पहिला आठवडा त्यांना सोसवला नाही, दोनदा फेकून द्यायला निघाले. गॅबापेंटिननं सुरुवातीला गरगरायचं, एकदा गोठ्याच्या उंबऱ्यात तोल गेला. तीन आठवडे कालनिर्णयच्या चौकटीत काही म्हणजे काही बदललं नाही. मला शाळा उघडल्यावर परत जावं लागलं. आकडे आईनं लिहायचे ठरले. तिला आकडे लिहिता येतात, पण वरचा कोणता आणि खालचा कोणता याची तिला पर्वा नाही, त्यामुळे आषाढातल्या एका चौकटीत ‘८४ वर १४६’ असं आहे. फोनवर ती आकडा कधीच सांगायची नाही. ‘‘काल पहाटं चार वाजेलोक निजले,’’ असं सांगायची. क्रिएटिनिन उतरत १.२ वर आलं. वरचा आकडा आधी १४०च्या घरात आला, मग पोळ्यानंतर कधीतरी १३० मध्ये, बहुतेक दिवशी. दोन्ही हातांचा आकडा आता जवळजवळ सारखा येतो. डाव्या हाताला पट्टा लावू देतात, पण मूठ अजून आवळतात; मी पाहिलंय.

आग पूर्ण गेलेली नाही. थंडीचे चार दिवस बरे, ढग आले की पुन्हा. डॉक्टर म्हणतात, हिला महिन्यांचा हिशेब लावायचा, दिवसांचा नाही. हरभऱ्याची जागल आता माझा चुलतभाऊ करतो. मध्यरात्री रोही आले की तो डबा वाजवतो, बाबा घरातून ओळखतात कुठल्या धुऱ्यावर आहेत ते, आणि कूस बदलतात. उजवी.

गेल्या दिवाळीला मी त्यांना बंड्या आणल्या, तीन, पांढऱ्याशुभ्र. पाडव्याच्या सकाळी आंघोळ करून आले, बाजेवर बसले. आईनं एक बंडी झटकली, हातात कात्री घेतली आणि काखेची शिवण चिमटीत धरून विचारलं, ‘‘कापू काय?’’

बाबांनी बंडी तिच्या हातातून घेतली, डाव्या काखेची जागा दोन बोटांनी चाचपली, कापड कसं आहे ते पाहिलं.

‘‘एक कापजो,’’ म्हणाले. ‘‘दोन राहू दे.’’